चोरीला गेलेला ऐवज आणि फिर्यादीला बसलेला भुर्दंड

धागाकर्ता : दोन वर्षांपूर्वी पहाटे फिरायला गेलेल्या माझ्या आईच्या गळ्यातील दोन तोळ्यांचे मंगळसूत्र मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी हिसकावले. फिर्यादीत ‘जुने वापरते’ असे म्हणून लिहिलेली किंमत त्या दिवशीच्या भावाच्या निम्मीही नव्हती. पुढे चोर सापडले, पण तोवर मंगळसूत्र वितळवले गेले होते आणि जप्त झाली ती केवळ सोन्याची लगड. ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, हाती येईपर्यंत आठ महिने गेले. वकिलाची फी, न्यायालयाच्या सहा खेपा, माझ्या बिनपगारी रजा आणि आईच्या मानेवरचे उपचार यांपैकी एक रुपयाही कुठल्या सरकारी कागदावर नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात चोरीस गेलेल्या आणि परत मिळालेल्या मालमत्तेची किंमत असते. त्या हिशेबाने आमचे नुकसान भरून निघाले आहे!

ब्रिटनच्या गृहखात्याने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजात २०१५-१६ मधील प्रत्येक घरफोडीचा खर्च सरासरी ५,९३० पौंड धरला आहे. त्यात गेलेल्या वस्तूंबरोबर मानसिक त्रास, बुडालेले काम आणि पोलीस-न्यायालयांचा खर्चही येतो. आपल्याकडेही प्रत्येक फिर्यादीसोबत असा खर्चाचा तक्ता जोडला जावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ : आपल्या आईंना झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटते, पण हा उपाय मला घातक वाटतो. मी फौजदारी वकिली करतो. फिर्यादीसोबत रकमांचा तक्ता आला, की उलटतपासात पहिला प्रश्न ‘पैशासाठीच फिर्याद दिली ना?’ हाच येईल, आणि बलात्काराच्या खटल्यात तो प्रश्न काय करू शकतो हे मी पाहिले आहे. दुसरे म्हणजे, पैशात मोजायला घेतले की गरिबाचे नुकसान आपोआप स्वस्त ठरते. २००१ च्या लता वाधवा प्रकरणात, म्हणजे आगीच्या दुर्घटनेतील मृतांच्या भरपाईच्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले आणि वृद्ध स्त्रियांसाठी त्याहूनही कमी. ब्रिटनच्या आकड्यातही मानसिक त्रासाचे रूपांतर निरोगी आयुष्याच्या गमावलेल्या काळात करून त्या काळाला दर लावलेला असतो. तो दर कोणी तरी टेबलावर बसून ठरवलेला असतो. आपल्या प्रकरणातला खरा दोष आठ महिन्यांचा विलंब हा आहे. जप्त मुद्देमाल विनाकारण अडकवून ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच बजावले आहे.

प्रतिसाद २ : वकीलसाहेब, न मोजल्याने गरिबाचे नुकसान महाग होत नाही, ते शून्य होते. आमच्या गल्लीत हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बाईंचा वजनकाटा चोरीला गेला. किंमत जेमतेम तीन हजार. पण चार दिवस गाडी लागली नाही, आणलेला पाला सडला आणि नव्या काट्यासाठी त्यांना भिशीतून उचल घ्यावी लागली. मोजले की लक्ष जाते, हे सायबर फसवणुकीत दिसले आहे : २०२४ मध्ये लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले, हा आकडा सरकारने संसदेत दिला, कारण १९३० या क्रमांकावर तक्रार घेतानाच रक्कम विचारली जाते. अर्थात त्यातही केवळ खात्यातून गेलेले पैसे आहेत. ते भरून काढायला काढलेल्या कर्जाचे व्याज कोणी विचारत नाही.

धागाकर्ता : उलटतपासाचा धोका माझ्या लक्षात आला नव्हता, तो मी मान्य करतो. मग रुपयांऐवजी दिवस आणि खेपा नोंदवाव्यात : कामाचे किती दिवस बुडाले, ठाण्यात आणि न्यायालयात किती वेळा जावे लागले. मजूर असो वा अधिकारी, दिवस दोघांचा सारखाच मोजला जाईल.

प्रतिसाद १ : याला माझी हरकत नाही, पण ही नोंद तपासाच्या कागदांत न ठेवता गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावी. पीडितांच्या भरपाईची तरतूद २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-अ मध्ये होती, ती आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे, आणि रक्कम हेच प्राधिकरण ठरवते.

प्रतिसाद २ : चालेल. फक्त ती नोंद पोलीस ठाण्यातूनच परस्पर पाठवली जावी. भाजीवाल्या बाईंना त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जावे लागले, तर गाडी पाचव्या दिवशीही लागणार नाही.