कॅनडात सप्टेंबरअखेर बॅन्फ ते जॅस्पर: नऊ दिवस, सोबत आई-बाबा आणि सात वर्षांचा मुलगा. आराखडा तपासून द्याल का?

सह्याद्रीकाठ:
नमस्कार मंडळी. २० ते २८ सप्टेंबर, कॅल्गरीत उतरून कॅल्गरीहूनच परत. आम्ही दोघं, आई-बाबा (सत्तरीच्या आसपास, बाबांचा एक गुडघा दुखरा) आणि मुलगा (वय ७, वजन २२ किलो, उंची ११८ सेंमी). भाड्याची सात सीटची गाडी घेणार. चालवणार मी एकटाच, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय नाही.

सध्या असं ठरवलंय: सगळे मुक्काम बॅन्फमध्ये, तिथूनच रोज ये-जा. एक दिवस पहाटे चारला गाडी काढून मोरेन लेक, तिथून लेक लुईस. एक दिवस जॅस्परला जाऊन रात्री परत. एक दिवस शेजारच्या योहो उद्यानातला एमराल्ड लेक आणि टकाकॉ धबधबा. उरलेला वेळ बॅन्फच्या आसपास. यात काय चुकतंय? बाबांना काय झेपेल, काय नाही, हेही सांगा.

घाटमाथा:
आराखड्यातल्या दोन गोष्टी आधी खोडा.

पहिली, मोरेन लेक. २०२३ पासून त्या रस्त्यावर खासगी गाडी सोडतच नाहीत. पहाटे चारला गेलात तरी वळणावरूनच परत पाठवतील. पार्क्स कॅनडाची (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं सरकारी खातं) शटल बस घ्यायची, ती लेक लुईस स्की रिसॉर्टच्या पार्किंगमधून सुटते. आरक्षण दोन टप्प्यांत उघडतं: थोड्या जागा वसंत ऋतूत, आणि बऱ्याचशा प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी ८ वाजता. ही वेळ तिथली. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, त्यामुळे घरी थांबलेलं कुणीही तुमच्यासाठी बुकिंग करू शकतं. पण लॉगिनचं खातं आधीच उघडून ठेवा. खातं उघडण्यातच पंधरा मिनिटं जातात आणि तेवढ्यात सकाळच्या वेळा संपतात. एकाच तिकिटात लेक लुईस आणि मोरेन या दोन तलावांमधली कनेक्टर बसही येते, म्हणून दोन वेगळी आरक्षणं करू नका.

तुमच्या तारखांना आणखी एक अडचण आहे. लार्चची झाडं सोनेरी होतात ती नेमकी सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि वर्षातली मोठी गर्दी मोरेनला तेव्हाच लोटते. म्हणून आधी शटलचा दिवस पक्का करा आणि बाकीचे दिवस त्याच्या पुढेमागे बसवा. शनिवार-रविवार टाळा.

दुसरी, जॅस्पर एका दिवसात. बॅन्फ ते लेक लुईस ५८ किमी, तिथून आइसफील्ड्स पार्कवेने जॅस्पर २३२ किमी. म्हणजे जाऊन-येऊन ५८० किमी. कुठेही न थांबता सात तास स्टिअरिंगवर जातील, आणि तेव्हा दिवसाचा उजेड साधारण साडेसात ते साडेसात एवढाच. या रस्त्याची गंमतच थांबण्यात आहे. न थांबता गेलात तर काचेतून डोंगर बघून परत याल.

मुक्काम असे विभागा: पहिली रात्र कॅल्गरीत (विमानातून उतरल्या उतरल्या नव्या बाजूने गाडी चालवू नका, झोप काढा), मग बॅन्फ किंवा कॅनमोर २, लेक लुईस किंवा फील्ड (योहोतलं गाव) २, जॅस्पर २, आणि परतीच्या वाटेवर बॅन्फ १. लेक लुईसला खोल्या मोजक्या आहेत. मिळाली नाही तर गोल्डनला पाहा, योहोसाठी तेही सोयीचं पडतं.

हे सहसा कुणी सांगत नाही: बो लेक, पेटो लेक, वॉटरफाउल लेक्स, सनवॉप्टा धबधबा, अथाबास्का धबधबा ही सगळी ठिकाणं रस्त्याच्या पश्चिमेला आहेत. उत्तरेकडे जाताना प्रत्येक ठिकाणी समोरून येणारी वाहतूक ओलांडून डावीकडे वळावं लागतं, परतताना सगळं उजव्या हाताला येतं. सवय नसलेल्या चालकाने जाताना दोन-तीनच थांबे घ्यावेत, बाकीचे येताना. पण जाताना आकाश लख्ख असेल तर हा नियम गुंडाळून ठेवा आणि थांबा. परतीच्या दिवशी ढग उतरले तर पेटोच्या कठड्यावरून नुसतं पांढरं दिसतं.

नीलकाच:
तलावांपुरतं सांगतो.

या पाण्याचा रंग दगडाच्या पिठामुळे येतो. हिमनदी सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळते. त्याची भुकटी इतकी बारीक असते की तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहते आणि प्रकाशातला निळा-हिरवा भाग विखुरते. बर्फाखालून नुकताच निघालेला ओढा जवळून पाहिलात तर तो निळा नसतोच, तांदळाच्या धुवणासारखा असतो. जड कण तलावात खाली बसले आणि बारीक तेवढे वर उरले की तो रंग खुलतो. म्हणून रंग बघायला उंची आणि ऊन दोन्ही लागतात. काठावरून तिरपं पाहिलं तर आकाशाचं प्रतिबिंब दिसतं, वरून पाहिलं तर पाण्याचा स्वतःचा रंग.

आता बाबांच्या गुडघ्याचं. लेक लुईसची काठावरची वाट सपाट आहे, एका बाजूने २ किमी, हवं तिथून मागे फिरता येतं. सकाळी वारा उठायच्या आत पाणी स्थिर असतं. मोरेनला तो प्रसिद्ध देखावा रॉकपाइल नावाच्या दगडांच्या ढिगावरून दिसतो. अंतर जेमतेम ३०० मीटर, पण सगळ्या पायऱ्या. सावकाश चढले तर जमेल, उतरताना काठी द्या. नाही जमलं तर काठाने सपाट वाट आहेच. तलावामागच्या दहा शिखरांवर सकाळचं ऊन पडतं, म्हणून शटल सकाळची घ्या. आधी मोरेन, मग कनेक्टरने लुईस.

पेटोला खालच्या पार्किंगपासून डांबरी वाट आहे, दहा-पंधरा मिनिटांची, पण चढ खडा. इथे सक्ती करू नका. त्याच्या थोडं अलीकडे बो लेक आहे, तिथे गाडीतून उतरलं की पाणी. आई-बाबांना तिथे निवांत बसू दे. एमराल्ड लेकला पूर्ण फेरी ५.२ किमीची, पण पुलापाशी थांबूनही भागतं. तिथलं पार्किंग लहान आहे, सकाळी नऊच्या आत पोहोचा.

जॅस्परहून मलाइन लेक ४८ किमी, तासाभराचा रस्ता. वाटेत मेडिसिन लेक लागतो. सप्टेंबरअखेर तो जवळजवळ रिकामा दिसेल, तळाला गाळ आणि मधून वाहणारे ओहोळ. तलाव आटला असं वाटेल, पण खरं म्हणजे त्याचं पाणी तळाच्या चुनखडीतल्या भेगांमधून जमिनीखाली जातं आणि खाली मलाइन दरीच्या घळीत पुन्हा बाहेर येतं. उन्हाळ्यात बर्फ वितळून येणारं पाणी या भेगांना पेलत नाही, म्हणून तेव्हा तलाव भरतो. मुलाला हे दाखवून मग घळ दाखवा, त्याला दुवा आपोआप लागेल.

जॅस्परबद्दल एक कल्पना असू द्या. जुलै २०२४ च्या वणव्यात गावातल्या जवळपास एक तृतीयांश इमारती जळाल्या. गावाच्या दक्षिणेला रस्त्यालगत मैलोन्‌मैल काळी खोडं दिसतात. मुक्कामाची जागा चालू आहे ना, हे आरक्षणाआधी थेट विचारा.

गिअरबॉक्स:
गाडीचं मी सांगतो.

मुलाच्या सीटपासून सुरू करतो, कारण तिथे प्रांत बदलला की कायदा बदलतो. अल्बर्टात (बॅन्फ-जॅस्परचा प्रांत) सहा वर्षांखालच्या, १८ किलोपर्यंतच्या मुलांना चाइल्ड सीट सक्तीची आहे, तुमचा मुलगा त्यातून सुटतो. पण योहो ब्रिटिश कोलंबियात आहे, आणि तिथे ९ वर्षं किंवा १४५ सेंमी उंची होईपर्यंत बूस्टर सीट लागते. लेक लुईसहून वीस मिनिटांत तुम्ही हद्द ओलांडता. पहिल्या दिवसापासूनच बूस्टर घ्या. नाहीतरी ११८ सेंमीच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा गळ्यावर येतो.

आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आरटीओतून काढा, तो एक वर्ष चालतो, आणि मूळ परवानाही सोबत ठेवा. भाडेकरारात किलोमीटरची मर्यादा नाही ना, हे वाचा. तुमची सहल साधारण १३०० किमीची होईल. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. शक्य असेल तर दुसरा चालक नोंदवा. एकट्याच्या भरवशावर नऊ दिवस ठेवू नका.

पहिल्या दिवशी वळायला गेलात की वायपर सुरू होईल, कारण इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला असते. हसण्यावारी नेऊ नका. त्या क्षणी नजर रस्त्यावरून हटते आणि नेमकं तेव्हाच माणूस सवयीने डाव्या लेनमध्ये शिरतो. पार्किंगमध्येच दहा मिनिटं दांड्या चाचपून घ्या. सर्वांत जास्त चुका रिकाम्या रस्त्यावर होतात, पार्किंगमधून बाहेर पडताना, कारण पुढे धरून चालायला दुसरी गाडी नसते. बाजूला बसणाऱ्याने प्रत्येक वेळी 'उजवीकडे' असं मोठ्याने म्हणायचं.

लाल दिव्यावर पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, तशी पाटीने मनाई नसेल तर. चारही बाजूंना स्टॉपची पाटी असेल तर जो आधी थांबला तो आधी निघतो, हॉर्न वाजवायचा नाही. शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर समोरून येणाऱ्यानेही थांबायचं.

पार्कवेवर वेगमर्यादा ९० आहे, काही ठिकाणी कमी. पेट्रोल लेक लुईस आणि जॅस्परला टाकी भरूनच घ्या. मध्ये फक्त सस्कॅचवान क्रॉसिंगला पंप आहे, लेक लुईसपासून सुमारे ८० किमीवर. मोबाइलला रस्ताभर जवळपास रेंज नाही, नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. कोलंबिया आइसफील्डच्या दक्षिणेला मोठा उतार आहे, परतताना तो तुम्हाला खाली उतरायचा आहे. ऑटोमॅटिक गाडीत गिअरची दांडी 'एम' किंवा 'एल'वर घेऊन गिअर खाली पाडा, इंजिनला गाडी धरू द्या. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात, पॅडल दाबूनही पकड येत नाही आणि जळका वास सुटतो. वास आलाच तर कडेला थांबून गार होऊ द्या, वर पाणी ओतू नका.

सप्टेंबरअखेर बो समिटला (पार्कवेवरची खिंड, २००० मीटरच्या वर) बर्फ पडू शकतं. बर्फाळ रस्त्यांचे टायर १ नोव्हेंबरपासून सक्तीचे होतात, म्हणजे तुमच्या गाडीला बहुधा साधेच असतील. सकाळी '५११ अल्बर्टा' या रस्ते-माहिती सेवेवर रस्त्याची स्थिती पाहा. ओलं असेल आणि तापमान शून्याजवळ, तर दहापर्यंत निघूच नका.

सह्याद्रीकाठ:
खूप आभार! मोरेन आणि जॅस्पर दोन्ही बदलतो. अजून दोन शंका: प्रवेशाचा पास रोजचा घ्यावा की वर्षाचा? आणि अस्वलांचं कितपत मनावर घ्यायचं? आई आत्तापासूनच घाबरली आहे.

रानवाट:
पास: सात किंवा जास्त दिवस उद्यानांत असाल तर वर्षाचा डिस्कव्हरी पास परवडतो. त्याखाली रोजचा. कौटुंबिक पासमध्ये एका गाडीतले सात जण येतात. तुमचे उद्यानातले दिवस सातच्या आसपास आहेत, तेव्हा रोजच्याची बेरीज मांडून बघा. रोजचा पास दुसऱ्या दिवशी दुपारी ४ पर्यंत चालतो, तेही हिशेबात धरा. कॅनॅनास्किसला आणि कॅनमोरच्या ग्रासी लेक्सला गाडी लावलीत तर प्रांताचा वेगळा पास लागतो, हा चालत नाही.

अस्वलं: आईंना सांगा की गाडीत बसून दिसलं तर भीतीचं काही नाही. पण नियम पाळायचे. अस्वल, लांडगा यांच्यापासून १०० मीटर, एल्क (सांबरासारखा मोठा प्राणी), हरीण, रानमेंढ्या यांच्यापासून ३० मीटर. तुमच्या दिवसांत खरा धोका एल्कचा आहे. सप्टेंबर हा त्यांच्या माजाचा हंगाम. गावाच्या हिरवळीवर नर शांत चरताना दिसतो आणि फोटोसाठी जवळ गेलेल्यावर धावून येतो. मुलाचा हात सोडू नका.

पायवाटेवर जाणार असाल तर बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) घ्या. तो विमानात कुठल्याच सामानात चालत नाही, तिथेच घ्या आणि निघताना तिथेच जमा करा. ठेवायचा पट्ट्याला, पाठपिशवीत नाही. पिशवीत असेल तर काढेपर्यंत वेळ गेलेली असते. मारा आठ-नऊ मीटरचाच असतो आणि वारा समोरून असेल तर तो तुमच्याच डोळ्यांत येतो, म्हणून कुठल्याही बाजूने अस्वल येईल असं धरून वारा कुठला आहे हे चालतानाच लक्षात ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीत स्प्रेचा डबा सोडू नका, फुटतो. पायवाटेवर गप्पा मारत चला, विशेषतः ओढ्याजवळ, जिथे पाण्याच्या आवाजात अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही.

रस्त्याकडेला पाच-सहा गाड्या थांबलेल्या दिसल्या की तिथे प्राणी आहे असं समजा. वेग कमी करा, काच बंद ठेवा, बघा आणि पुढे जा. उतरू नका. खाण्याचे डबे, फळांच्या साली, टूथपेस्टसुद्धा बाहेर टेबलावर सोडू नका, सगळं बंद गाडीत ठेवा. माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला शेवटी मारावं लागतं. चूक आपली, जीव त्याचा.

ड्रोन नेऊ नका, उद्यानांत बंदी आहे.

घाटमाथा:
एक राहिलं. जॉन्स्टन कॅन्यन पाहायचं असेल तर बो व्हॅली पार्कवेवर बॅन्फच्या बाजूने शिरू नका. सप्टेंबरभर पूर्वेकडचा १७ किमीचा भाग सायकलवाल्यांसाठी राखीव असतो, गाडीला बंद. हायवेने कॅसल जंक्शनपर्यंत जा आणि तिथून मागे या. खालचा धबधबा १.२ किमीवर आहे, वाट कड्याला लटकवलेल्या लोखंडी पुलांवरून जाते, चढ फारसा नाही. बाबांना जमेल, फक्त सकाळी आठच्या आत जा. नंतर पुलांवर थांबून दम घ्यायलाही जागा उरत नाही.