आमचा बॉल दरीत जायचा

शिलाँगवरच्या एका लेखात तिथलं फुटबॉल, जदोह (खासी लोकांचा मांस घालून केलेला भात) अन् गल्लीगल्लीतली गिटार वाचून मला आमचं चिखलदरा आठवलं. साधारण 1100 मीटर उंची, विदर्भातलं एकुलतं थंड हवेचं ठिकाण. पण फुटबॉल म्हणाल तर सारा आनंदीआनंद! मैदान एका अंगाने उतरतं, पावसाळ्यात धुकं इतकं की गोलकीपर नुसता आवाजावर. जोरात लाथ बसली की बॉल थेट उतारावर. "अबे, तूनंच मारला, आता तूच आन!" मग ओल्या गवतातून घसरत, जळवा झटकत अर्धा तास शोधाशोध. आमच्यातली कोरकू (इथले आदिवासी) पोरं अनवाणी खेळायची, अन् तीच सगळ्यात आधी खाली पोचायची.

1998 ची फुटबॉल वर्ल्ड कप फायनल एका हॉटेलवाल्याच्या टीव्हीवर पाहिली. मध्यरात्र, बाहेर धो धो पाऊस. फ्रान्सच्या झिदानचं दुसरं हेडर जाळ्यात गेलं अन् तेव्हाच लाईन गेली. फ्रान्सने ब्राझीलला 3-0 ने हरवल्याचं सकाळी रेडिओवर कळलं. ब्राझीलवाले आम्ही, त्यामुळे फार बिघडलं नाही म्हणा.

खाणं? निखाऱ्यावरचं कणीस, गवळ्याकडचा खवा, मित्राच्या घरी कुटकीचा (बारीक भरडधान्याचा) भात अन् पातळ डाळ. कॉफी इथे पिकते, आम्ही मात्र चहावाले.

गिटार नव्हती. होळीच्या दिवसांत खालच्या गावांतून रात्रभर ढोल अन् बासरी ऐकू यायची, फगवा (होळीची बक्षिसी) मागायला वाटेत दोर आडवा बांधून बाया गाणी म्हणायच्या. खिशातली चिल्लर तिथंच संपायची.