कानाच्या नसेवरची गाठ: दिसली की काढायचीच?

सावनी_के: काल इथे एकाने लिहिलं, "गाठ डोक्यात ठेवणं म्हणजे उशाशी बॉम्ब घेऊन झोपणं. सरळ कापून टाका." माझ्या आईला ६८ व्या वर्षी अशीच ९ मिमीची गाठ निघाली. हा कॅन्सर नाही. दरवर्षी एमआरआय करतो, चार वर्षांत तसूभर वाढ नाही. चेहऱ्याची नस गाठीला खेटून जाते, ऑपरेशनमध्ये ती दुखावली तर चेहऱ्याची ती बाजू लुळी पडू शकते. त्या वयात तो धोका कशासाठी? शेजारच्या काकांची ३ सेंमीच्या वर होती, मेंदूच्या देठावर दाब येत होता. त्यांना ऑपरेशनच हवं होतं. सगळ्यांना एकच माप कसं लावता?

कुडाळकर: लिहिणारा मीच. माझा भाऊ ३६ वर्षांचा, बँकेत काउंटरवर. "वाट बघू" म्हणत दोन वर्षं काढली. गाठ वाढली नाही, कान मात्र गेला. आता गिऱ्हाईक डावीकडून बोललं की पूर्ण वळावं लागतं त्याला.

मिलिंद४४: गाठीचं नंतर. आधी एमआरआय लिहून कोण देतं ते बोला! दीड वर्ष डाव्या कानात शिट्टी. मळ काढला, थेंब घातले, 'वयोमान' ऐकलं, ४४ व्या वर्षी! मी फोन उजव्या कानालाच लावतो हे बायकोच्या लक्षात आलं. तोवर २.६ सेंमी. सर्जननी चेहऱ्याची नस वाचवायला थोडी गाठ मुद्दाम ठेवली, तरी डोळा नीट मिटत नाही, रात्री डोळ्यात मलम घालून पापणीला पट्टी लावून झोपतो.

डॉ_नेने: प्रत्येक शिट्टीला एमआरआय लिहिला तर तुम्हीच 'कट प्रॅक्टिस' म्हणून ओरडाल.

मिलिंद४४: प्रत्येक नाही, एकाच कानाची! माझा एकच कान उतरत होता. साधा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, तरी?

डॉ_नेने: तो लगेच व्हायला हवा होता. इथे आमची चूक, मान्य.

कुडाळकर: मूळ मुद्दा राहिला. नॉर्वेतल्या अभ्यासात २ सेंमीखालच्या गाठींचे १०० रुग्ण होते. वाट बघणाऱ्या ५० पैकी २१ जणांना वाढ दिसल्यावर चार वर्षांच्या आत गॅमा नाइफ, म्हणजे न कापता गाठीवर किरणांचा मारा, घ्यावंच लागलं.

सावनी_के: आणि २८ जणांना काहीच लागलं नाही, तेही सांगा! ज्यांना आधीच गॅमा नाइफ दिलं त्यांच्या गाठी आक्रसल्या, पण ऐकू येण्यात फरक पडला नाही. भावाचा कान त्यानेही वाचला असताच असं नाही.

कुडाळकर: बरं. तुमच्या आईला कापा असं म्हणणार नाही, तो शब्द मागे घेतो. पण गाठ थांबली तरी कान जाऊ शकतो, हे पहिल्याच दिवशी भावाला कुणी सांगायला नको होतं का?

सावनी_के: हवं होतं. आईलाही ते आम्हीच वाचून सांगितलं.