टिकटॉकचं 'आत्ता फोन करा' बटण

व्हिडिओ कंपन्या म्हणजे नुसते मंच, धोरणं ठरवतात ती सरकारं, असं पुष्कळदा म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही.

7 मार्च 2024 चंच बघा. अमेरिकेत टिकटॉक उघडलं की पडदाभर सूचना येत होती: ॲप बंद पडणार आहे, आपल्या प्रतिनिधीला सांगा. झिप कोड (तिथला पिनकोड) टाकला की फोन लावायचं बटण तयार. खासदारांच्या कार्यालयांत दिवसभर फोन खणखणत राहिले. फोन करणाऱ्यांत शाळकरी मुलंही होती. डाव उलटला, ते खरं. त्याच दिवशी प्रतिनिधीगृहाच्या समितीने टिकटॉकवर बंदी आणू शकणारं विधेयक 50-0 मंजूर केलं, आणि 13 तारखेला प्रतिनिधीगृहाने 352 विरुद्ध 65 मतांनी. पण हरले म्हणून ताकद नव्हती असं कसं म्हणायचं? कायद्याच्या ऐन मसुद्यावर एवढी माणसं एका सूचनेने हलवणं कुठल्या वृत्तपत्राला जमलं असतं?

त्याआधी युरोपातही हेच झालं होतं. लोकांनी टाकलेल्या मजकुरातल्या कॉपीराइटभंगाला मंचांना जबाबदार धरणाऱ्या, युरोपीय कॉपीराइट मसुद्यातल्या कलम 13 विरुद्ध 2018 मध्ये यूट्यूबच्या तेव्हाच्या प्रमुख सुझन वोजिकी यांनीच व्हिडिओ करणाऱ्यांना आवाज उठवायला सांगितलं होतं.

निदान सूचना तरी दिसते. शिफारशींच्या यादीत कुठला व्हिडिओ वर सरकवला, कुठला दाबला, हे बाहेरून कळतच नाही. युरोपचा डिजिटल सेवा कायदा साडेचार कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना निवडणुका आणि सार्वजनिक चर्चेवरच्या परिणामांचा आढावा घ्यायला लावतो, वर स्वतंत्र लेखापरीक्षणही. आपण 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी घातली, पण उरलेल्यांकडून असाच हिशेब मागायला हवा, आणि तोही मराठीसकट प्रत्येक भाषेतला.