राजीव गांधींचं ९ जून १९८८ चं भाषण: मनापासून कौतुक करावं असं

पाऊलवाट
भारतीय पंतप्रधानांनी जगापुढे केलेल्या भाषणांतून एकच निवडा म्हणाल तर मी हे निवडेन. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं निःशस्त्रीकरणावरचं तिसरं विशेष अधिवेशन भरलं होतं. राजीव गांधींनी तिथे अण्वस्त्रं मोडीत काढायचं वेळापत्रकच मांडलं. पहिला टप्पा १९९४ पर्यंत, दुसरा २००० पर्यंत, आणि २०१० साली जग अण्वस्त्रमुक्त. शांततेवर बोलणारे नेते पैशाला पासरी. तारखा घालून देणारा विरळाच.

त्यातलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळंच. पहिल्या टप्प्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघानं लांब पल्ल्याची अण्वस्त्रं निम्म्यावर आणायची होती, नवे बॉम्ब बनवणं थांबवायचं होतं. पण ज्यांच्याकडे बॉम्ब नाही, बनवायची कुवत मात्र आहे, त्यांनीही उंबरठा ओलांडायचा नव्हता. म्हणजे आपणही! १९७४ ला पोखरणमध्ये अणुचाचणी करून थांबलेला देश हे म्हणत होता, म्हणून त्या शब्दाला वजन होतं.

दर्यावर्दी
साफ असहमत. २५ फेब्रुवारी १९८८ ला पृथ्वी क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली, चार महिनेही उलटले नाहीत तोच हे भाषण. वर्षभरात, मे १९८९ मध्ये, अग्नी क्षेपणास्त्राची. बोलणं एक आणि तयारी दुसरी.

आणि आराखड्याच्या नावात ‘अहिंसक जागतिक व्यवस्था’ असे शब्द होते. त्याच वेळी आपली शांतिसेना श्रीलंकेत लढत होती. माझे काका जाफन्यात होते. तिथे अकराशेहून जास्त जवान गेले. काका परत आले, पण त्या दिवसांबद्दल घरात कधी बोलले नाहीत. मला ते भाषण वाचताना काकाच आठवतात. बरं, अधिवेशनातून निघालं काय? सर्वसंमत मसुदासुद्धा निघाला नाही.

पाऊलवाट
काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. श्रीलंकेचा निर्णय चुकला, त्याचं समर्थन मी करणार नाही.

पृथ्वी-अग्नीचं मात्र पटत नाही. थांबायची तयारी होती ती सगळ्यांनी मिळून थांबायची. शेजारी चीनकडे अण्वस्त्रं, पाकिस्तान त्याच वाटेवर. बाकीचे ऐकेपर्यंत हात जोडून बसा असं कुठला पंतप्रधान म्हणेल?

काळीमाती
दर्यावर्दी, निघालं काय ते सांगते. पाच देशांनी बॉम्ब ठेवायचे आणि बाकीच्यांनी बनवायचे नाहीत, अशा अण्वस्त्र प्रसारबंदी कराराची मुदत १९९५ ला संपणार होती. त्याच्या जागी सगळ्यांना सारखा लागू होणारा नवा करार आणा, असं राजीव म्हणाले होते. बड्या देशांनी जुनाच करार कायमचा करून टाकला. १९९६ ला जिनिव्हात अणुचाचणीबंदी कराराची वेळ आली तेव्हा भारताच्या राजदूत अरुंधती घोष आपल्या बाजूनं ठाम उभ्या राहिल्या. आधी अण्वस्त्रं संपवायची मुदत बांधा, मगच सही, हीच भारताची मागणी होती. ती आयत्या वेळी सुचलेली पळवाट नव्हती, आठ वर्षांपूर्वी आमसभेत मांडलेली होती. त्या भाषणाचा उपयोग झाला तो इथे.

दर्यावर्दी
ताई, जिनिव्हाचा मुद्दा मान्य. पण मग मे १९९८ ला अणुचाचण्या करून आपणच उंबरठा ओलांडला. आणि जुलै २०१७ मध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार मंजूर केला, त्या वाटाघाटींना आपण गेलोच नाही. एकही अण्वस्त्रधारी देश गेला नाही, आपण त्यांच्याच पंगतीला बसलो. ज्या भाषणाचं एवढं कौतुक, ते आपणच सोडून दिलं ना?

पाऊलवाट
१९९८ चा दोष मी देणार नाही, दहा वर्षं कुणी दाद दिली नव्हती. २०१७ मात्र मलाही लागलं. सही नसती केली तरी चाललं असतं. पण १९८८ च्या त्या भाषणाची प्रत हातात घेऊन आपला माणूस तिथे बसायला हवा होता.