मदत हवी आहे: पैसे थोडे, धंदा नवा. ऑनलाइन गिऱ्हाईक कसं मिळवू?

उलटा_टाका
नमस्कार मंडळी. मी क्रोशाचे पॅटर्न बसवते, लिहून काढते आणि पीडीएफ करून विकते. विणलेली वस्तू नाही, फक्त कृती: सुई कोणती, लोकर कोणती, कुठल्या ओळीत किती खांब, किती मुके खांब, सोबत आकृत्या आणि फोटो. माल पडून राहायची भीती नाही, पाठवायचा खर्च नाही. वेबसाइट तयार आहे, पैसे भरले की फाइल आपोआप जाते. अडलंय ते एवढ्यावरच की तिकडे कुणी फिरकत नाही. जी काही विक्री झाली ती ओळखीत, आणि ओळखीतली माणसं एकदाच घेतात.

जाहिरातीसाठी महिन्याला अगदी थोडी रक्कम काढता येते. संध्याकाळचा वेळ मात्र हाताशी आहे. एका बाहुलीच्या फोटोची पोस्ट पैसे लावून पुढे ढकलून पाहिली. भरपूर लोकांना दिसली, बदामांचा पाऊस पडला, पण पॅटर्न एकही खपला नाही. प्रतिक्रियांत बहुतेकांचा एकच प्रश्न: "बाहुली केवढ्याला?"

आता ही रक्कम रोज थोडी थोडी घालू की साठवून एकदम लावू? फुकटच्या वाटांपैकी कोणत्या वाटेवर वेळ घालवावा? आणि फॉलोअर्स व बॅकलिंक्सची (म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंका) हमी देणारे 'पॅकेज'वाले सारखे मेसेज करतात, त्यात काही दम असतो का?

निळी_शाई
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. विकतचे फॉलोअर काहीही विकत घेत नाहीत. आणि गूगलच्या शोधात क्रमांक वर नेण्यासाठी पैसे मोजून घेतलेल्या लिंका गूगलच्या धोरणात सरळ स्पॅममध्ये मोडतात.

पोस्टचं म्हणाल तर यंत्रणेने तिचं काम चोख केलं. प्रतिसादासाठी बूस्ट केलं की ती बदाम देणारी माणसं शोधते, विणणारी नाही. 'विक्री' हे उद्दिष्ट निवडता येतं, पण तिथे दुसरी मेख आहे. मेटाच्याच (फेसबुक-इन्स्टाग्रामवाली कंपनी) म्हणण्यानुसार जाहिरातीचा शिकण्याचा टप्पा, म्हणजे ती कुणाला दाखवायची हे यंत्रणेने चाचपण्याचा काळ, संपायला एका अ‍ॅड सेटला (एकाच प्रेक्षकवर्गाच्या जाहिरातींचा गट) आठवड्यात साधारण 50 खरेद्या लागतात. तुमच्या रकमेत तेवढ्या येणं अवघड, म्हणजे पैसे शिकवणीतच जायचे. म्हणून सध्या कुठेच लावू नका, साठवा.

रिकामा_कप
गूगल बिझनेस प्रोफाइल काढा की. फुकट आहे, नकाशावर दिसाल.

निळी_शाई
@रिकामा_कप, ते गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष भेटणाऱ्या व्यवसायांसाठी आहे. निव्वळ ऑनलाइन धंदा त्यात बसत नाही.

गुंता_सोडवा
ताई, मीही याच धंद्यात आहे, म्हणून जरा लांबण लावते. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे हातात सुई असलेला माणूस. तो बाहुलीच्या फोटोवर भाळेलही, पण पैसे देताना त्याच्या डोक्यात वेगळंच असतं: हे मला जमेल का? कृतीत चूक तर नाही ना? याचं उत्तर जाहिरात देऊ शकत नाही, दुसऱ्या कुणीतरी विणून दाखवलेली वस्तू देते.

म्हणून आधी टेस्टर गाठा. नवा पॅटर्न विक्रीला काढण्याआधी काही विणणाऱ्यांना फुकट द्या. त्यांनी तो विणायचा, कुठे अडलं ते सांगायचं आणि फोटो टाकायचा. चुका सापडतात हा पहिला फायदा. दुसरा असा की एकच बाहुली वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या लोकरीत विणलेली दिसते. नवशिक्याने विणलेली थोडी वाकडी बाहुली लपवू नका. तीच बघून दुसऱ्या नवशिक्याला धीर येतो. मात्र पॅटर्न फुकट मिळाला होता हे टेस्टरने पोस्टमध्ये लिहायलाच हवं, आणि 'छानच लिहा' अशी अट घालायची नाही.

रॅव्हलरी या विणकामाच्या वेबसाइटवर नोंद केली नसेल तर आधी ती करा. 2007 पासून विणणाऱ्यांचा अड्डा तोच आहे. तिथे कुणी आपलं काम नोंदवलं की ते मूळ पॅटर्नला जोडलं जातं, त्यामुळे तुमच्या पानावर इतरांची कामं आपोआप साठत जातात. पिंटरेस्टही धरा. तिथे लोक काहीतरी करायचं म्हणून शोधत येतात, आणि चांगला पिन कितीतरी दिवसांनीही माणसं आणतो. रील्सच्या मागे मी स्वतः लागत नाही. वेळ फार खातात. जमत असतील तर करा.

आणि एक छोटा पॅटर्न फुकट ठेवा, ईमेलच्या बदल्यात. सोपा, एका बैठकीत होणारा, पण विकायच्या पॅटर्नइतकाच नीट लिहिलेला. ही यादी तुमची स्वतःची असते. उद्या एखाद्या सोशल मीडियाने पोहोच कमी केली तरी ती कुठे जात नाही.

उलटा_टाका
गुंता_सोडवा ताई, खूप आभार. टेस्टरचं डोक्यातच आलं नव्हतं. पण माणसं कुठून आली हे कळणार कसं? सगळं एकदम केलं तर कशाचा उपयोग झाला ते समजायचं नाही.

निळी_शाई
प्रत्येक ठिकाणी टाकायच्या लिंकला वेगळी यूटीएम शेपटी जोडा, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारे शब्द लिंकच्या शेवटी लावा. मग गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये (साइटवर आलेल्यांचा हिशोब ठेवणारं साधन) पिंटरेस्टची माणसं वेगळी, ईमेलची वेगळी दिसतात. गूगलचं सर्च कन्सोलही जोडा, तेही फुकट आहे. लोक काय टाइप करून तुमच्या पानापर्यंत आले ते त्यात कळतं, आणि पॅटर्नच्या पानाचं शीर्षक त्या शब्दांत लिहिता येतं. 'गोडुली' असल्या लाडाच्या नावाने कुणी शोधत नाही. 'नवशिक्यांसाठी क्रोशाचा ससा' असं शोधतात.

साठवलेले पैसे नंतर याच शब्दांवर गूगलच्या सर्च जाहिरातीत लावून बघा. फ्रेज किंवा एक्झॅक्ट मॅच ठेवा (म्हणजे त्याच अर्थाच्या शोधावर जाहिरात दिसते), डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर साइटवर जाहिरात दाखवण्याची, खूण काढून टाका आणि 'तयार', 'मोफत' हे शब्द निगेटिव्हमध्ये (ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये त्या यादीत) घाला. नाहीतर पुन्हा "बाहुली केवढ्याला?"वाले येतील.

उलटा_टाका
हा हा, नको! टेस्टरना मुदत किती द्यावी?

गुंता_सोडवा
आधी स्वतःला किती वेळ लागला ते बघा आणि त्याच्या तिप्पट द्या. तरी काही जण मध्येच गायब होतात, तेव्हा हवेत त्यापेक्षा थोडे जास्तच घ्या. पॅटर्न तयार झाला की इथेच सांगा, मी विणून बघते.