मदत हवी आहे : दगडी अस्वल, तळाशी इनुइट सही

ओटाव्यात आमच्या शेजारच्या आजींनी घर आवरताना मला एक ध्रुवीय अस्वल दिलं. वीतभर उंच, हिरवट काळा दगड, एका पायावर उभं राहून नाचतंय. अंगाचा भार त्या एका पायावर इतका अचूक तोललाय की हात लावावासा वाटतो, आणि लावला की दगड गारच लागतो. वजनदार आहे, साच्याची शिवण कुठे दिसत नाही, म्हणजे रेझिनची नक्कल नसावी. दगड सर्पेंटाइन असावा असा माझा अंदाज. नाचणारं अस्वल म्हटलं की कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या किनगाइट गावचे इनुइट शिल्पकार पाउटा साइला आठवतात, पण ते त्यांचंच असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. असं अस्वल इतरांनीही घडवलंय.

तळाशी इनुक्टिटुट या इनुइट भाषेच्या लिपीत चार अक्षरं कोरली आहेत. (या लिपीत चिन्ह वळवलं की स्वर बदलतो. आपल्या बाराखडीशी ताडून पाहताना फार मजा आली.) शेजारी ई७ ने सुरू होणारा क्रमांक आहे, सरकार पूर्वी इनुइट लोकांना ओळखीसाठी देत असे तसा. ई म्हणजे पूर्व आर्क्टिक, एवढं कळलं. अस्सल इनुइट कलाकृतीची खूण म्हणून कॅनडा सरकारने १९५८ मध्ये सुरू केलेला इग्लू टॅग मात्र सोबत नाही.

ही अक्षरं कुणाला वाचता येतील का? फोटो जोडते. दोन अक्षरं झिजली आहेत, तिरप्या उजेडात बघा. आणि धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटकली तर चालेल ना? तेल लावायला कुणीतरी सुचवलंय, पण मला भीती वाटते.